खाडीकाठी पोर्टेबल हॅम रेडिओ: या चुका टाळा

हॅम रेडिओ म्हणजे परवाना काढून चालवायचा हौशी रेडिओ, आणि तो घराबाहेर नेऊन लावायचा म्हणजे पोर्टेबल. पोर्टेबलसाठी खाडीचा काठ मिळणं म्हणजे चैनच, आजूबाजूला चार्जर-एलईडीचा नॉइज (रेडिओतली खरखर) नाही, समोर मोकळं आकाश आणि खारं पाणी. पण बहुतेक जण आधी बँड कंडिशन (कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर आज सिग्नल लांब जातोय ते) बघतात, बॅटरी चार्ज करतात, बॅग भरतात आणि भरतीची वेळ वाटेत मोबाईलवर बघतात. माझ्या मते हा क्रम उलटा पाहिजे. आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक, मग बँड. कारण तिथलं पाणी हा तुमच्या अँटेनाचाच भाग असतो आणि तो दिवसभर जागा बदलत राहतो.

पहिली चूक म्हणजे पाणी एकसारखं चढेल असं धरून बसणं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे चढायला सहा तास आणि थोडं वर. ढोबळ हिशोब असा की एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एकच भाग येतो, दुसऱ्यात दोन, आणि तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येतं. उथळ खाडीत तर बऱ्याचदा याहूनही झपाट्यानं. पहिल्या तासात काहीच होत नाही म्हणून आपण निवांत सीक्यू (कोणी आहे का, अशी हाक) मारत बसतो आणि खरा चढ त्यानंतर असतो. आणि पाणी समोरूनच येईल असं समजू नका! चिखलातले छोटे ओहळ आधी भरतात, ते नेमके तुमच्या पाठीमागं असतात आणि परतीची वाट तिथनंच जाते.

वाहून आलेल्या काटक्या-शेवाळाची रेष दिसते तिच्या वर बसा, पण कालची रेष म्हणजे आजची हमी नाही. अमावस्या-पौर्णिमा जवळ येत असेल तर पाणी रोज थोडं जास्त वर येतं आणि मोठं उधाण बऱ्याचदा त्यानंतर एक-दोन दिवसांनी असतं. वाऱ्यानं पाणी आत लोटलं किंवा हवेचा दाब कमी असला (१ हेक्टोपास्कलला साधारण १ सेंटीमीटर) तर तक्त्यातल्या आकड्याच्याही वर जातं. शिवाय तक्ता मुखाजवळच्या बंदराचा असेल तर खाडीत आत भरती उशिरा पोचते, तो फरक धरा.

आता अँटेना. इथं डायपोल (मधून जोडलेली आडवी वायर) लावणं ही चूक नाही, पण खाऱ्या पाण्याचा फायदा व्हर्टिकलला (उभ्या वायरीच्या अँटेनाला) जास्त मिळतो. समुद्राच्या पाण्याची वाहकता साधारण ५ सीमेन्स प्रति मीटर आणि मध्यम जमिनीची ०.००५, म्हणजे हजारपट फरक, खाडीत गोडं पाणी मिसळल्यानं तो थोडा कमी होतो तरीही भरपूर उरतो. कमी कोनातून लांब जाणारा सिग्नल त्यामुळं टिकतो. २० मीटर बँडला पाव तरंगलांबीची वायर जेमतेम ५ मीटर लागते, हलका फायबरग्लासचा मास्ट (वायर धरणारा खांब) पुरतो. कार्बन फायबरचा नको, तो स्वतःच वाहक असतो.

सगळ्यात जास्त गोंधळ एसडब्ल्यूआरवरून (अँटेना रेडिओशी किती जुळते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे अचूक) होतो. सकाळी ओहोटीला ट्यून केलं, १.१ आला, खूश. दुपारी पाणी रेडियल्सपर्यंत (अँटेनाखाली जमिनीवर पसरलेल्या वायरींपर्यंत) आलं आणि मीटर १.४ दाखवतोय, की लगेच वायर कापायला घेतात. थांबा! पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा आदर्श रोध साधारण ३६ ओहम असतो, सकाळच्या जमिनीतला लॉस त्यात मिसळून तो रेडिओला हव्या असलेल्या ५० च्या आसपास दिसत होता, पाणी आल्यावर लॉस कमी झाला आणि मीटर वर गेला. म्हणजे अँटेना सुधारलीये. रेझोनन्सही (अँटेना जिथं नीट जुळते ती फ्रिक्वेन्सी) थोडा खाली सरकू शकतो. अँटेना मोजायचा अॅनालायझर लावून डिप (एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी असतो ती जागा) कुठं गेलाय ते बघा, मगच लांबी बदला. मीटर एकदम ३ च्या वर उडाला तर मात्र फीडपॉइंट (केबल अँटेनाला जोडते ती जागा) किंवा कनेक्टर भिजलाय का ते आधी तपासा.

ट्रान्समिट दाबलं की रेडिओ बंद पडतो, हे दुसरं दुखणं, आणि लोक रेडिओलाच दोष देतात. १०० वॉटचा रेडिओ पूर्ण पॉवरला साधारण २० अँपिअर खेचतो. बॅटरी ३ मीटर लांब आणि वायर १ चौरस मिलिमीटरची असेल तर जाऊन-येऊन ६ मीटरमध्ये २ व्होल्ट पडतात, १३ चे ११ होतात, आणि बरेचसे रेडिओ ११.७ च्या खाली बिचकतात. वायर जाड घ्या, बॅटरी जवळ ठेवा, नाहीतर पॉवर कमी करा. पाण्याशेजारी १० वॉट बऱ्याचदा पुरतात हो.

एफटी८ (लॅपटॉपवरून ठरलेल्या वेळी छोटे डिजिटल संदेश पाठवायची पद्धत) करताना कोणी डिकोडच होत नसेल तर आधी लॅपटॉपचं घड्याळ बघा, एक-दीड सेकंदाचा फरकही नडतो. मोबाईलला रेंज नसेल तर जीपीएसवरून वेळ लावा. ट्रान्समिटला यूएसबी हँग होत असेल तर कोॲक्सवरून (अँटेनाच्या केबलवरून) आरएफ, म्हणजे रेडिओचीच ऊर्जा, परत येतोय, फीडपॉइंटजवळ फेराइटचा चोक टाका.

गडगडाट ऐकू आला की मास्ट उतरवायला थांबू नका, सगळं तसंच सोडून गाडीत जा. मोकळ्या चिखलात सगळ्यात उंच वस्तू तुमचा मास्टच असतो.

घरी आल्यावर मास्ट, ताणाच्या दोऱ्या, खुंट्या, क्लिप सगळं साध्या पाण्यानं धुवा आणि कोॲक्सचं टोक उघडून बघा. खारं पाणी केबलमधल्या तारांच्या जाळीतून केशाकर्षणानं आत चढत जातं, बाहेरून केबल कोरी दिसते आणि आत तांबं काळं पडलेलं असतं. काळेपणा दिसला तर स्वच्छ चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल कापा आणि कनेक्टर नवा लावा, जुना पुसून परत वापरू नका.