तळं हिरवं झालं म्हणून उपसू नका

आमचं परसातलं तळं साधारण 2000 लिटरचं. पहिल्या उन्हाळ्यात पाणी हिरवंगार झालं, तेव्हा मी ते पूर्ण उपसलं, घासूनपुसून परत भरलं. दहा-बारा दिवसांत पुन्हा तसंच. असं तीनदा केलं. दगड आणि फिल्टर घासताना मी चांगले जिवाणूही धुऊन टाकत होते. माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात ते हेच. त्यांना पुन्हा रुजायला काही आठवडे लागतात, शेवाळाला मात्र काही दिवस पुरतात.

तुमच्याकडचं शेवाळ कोणतं, ते आधी बघा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या. सगळंच पाणी हिरवट दिसलं तर ते तरंगतं शेवाळ. त्यावर यूव्ही दिवा उपयोगी पडतो. दगडांना केसांसारखे झुपके धरले असतील तर तो दिवा कुचकामी. ते झुपके मी खरखरीत काठीला गुंडाळून ओढून काढते, हात दुखेपर्यंत. काढलेलं शेवाळ काठावर सोडू नका, पावसाने त्यातलं खत परत पाण्यात उतरतं. झाडांच्या बुंध्याशी घाला. पाण्यावर रंग सांडल्यासारखी निळसर हिरवी साय दिसली तर मात्र हात घालू नका, मुलांना आणि कुत्र्यालाही लांब ठेवा. ती विषारी असू शकते.

खरा इलाज म्हणजे शेवाळाचं ऊन आणि खाणं तोडायचं. निम्म्याहून थोडा जास्त पृष्ठभाग कमळाच्या पानांनी झाकला की ऊन आपोआप कमी होतं. माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाला. उरलेला प्रत्येक दाणा शेवाळाच्या पोटात जातो. पडलेली पानं रोज जाळीने काढा, तळाचा गाळ थोडा थोडा उपसा. बागेतलं खत पावसाबरोबर तळ्यात वाहून येत नाही ना, तेही तपासा. माझ्याकडे येत होतं! काठाला वीतभर उंच कड बांधली, तेव्हा कुठे फरक पडला.

आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदला. नळाचं असेल तर त्यातला क्लोरीन घालवूनच सोडा. फिल्टरचा स्पंज तळ्यातल्याच पाण्यात पिळा, नळाखाली कधीच नाही.

शेवाळ मारायचं औषध मी एकदाच वापरलं. मेलेलं शेवाळ कुजू लागलं, पाण्यातला प्राणवायू घटला आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. पहाटेच प्राणवायू सर्वांत कमी असतो. कारंजं लगेच सुरू केलं म्हणून वाचले. तांबं असलेली औषधं तर मासे आणि गोगलगायींनाही बाधतात.

दगडांवरचा पातळ हिरवा थर राहू द्या. मासे तो दिवसभर टिपत असतात.