पालकांशी मुलाच्या वागण्याबद्दल बोलताय? या चुका टाळा

‘घरचे सहकार्यच करत नाहीत,’ ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकू येते. खोलात जाऊन विचारलं की बहुतेक वेळा कळतं, पालकांशी पहिलं बोलणं झालं तेच भांडणाच्या दिवशी. नवे शिक्षक इथे हमखास चुकतात, आणि अनुभवी शिक्षकही काही मागे नाहीत.

पहिला फोन तक्रारीचा

शाळेचा नंबर दिसला की आईच्या पोटात गोळा येतो. का? कारण तिथून कधी चांगलं ऐकूच आलेलं नसतं. वर्ष सुरू झालं की पहिल्या काही आठवड्यांतच प्रत्येक घरी एक फोन करा, आणि त्यात फक्त चांगलं सांगा. ‘मुलगी गुणी आहे’ असं मोघम बोलू नका, प्रसंग सांगा. ‘शेजारचीची पट्टी तुटली तर हिने न मागता स्वतःची पुढे केली.’ एवढ्यावर आईला कळतं की या बाईंचं माझ्या लेकीकडे लक्ष आहे. रोज दोन-तीन फोन केले तर मोठा वर्गही महिन्याभरात संपतो. ‘इतका वेळ कुठून आणायचा?’ असं विचारणाऱ्यांनाच पुढे वर्षभर एकेका भांडणात तास-तास घालवताना मी पाहते.

शेऱ्यात विशेषणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ‘उद्धट आहे’, ‘लक्ष नसतं’, ‘वर्गात त्रास देतो’. या शेऱ्यांचं पालकांनी करायचं काय?

माझ्या शेजारच्या वर्गात चौथीतला एक मुलगा होता. त्याच्या वहीत रोज लाल शाईत एकच वाक्य: ‘वर्गात त्रास देतो.’ खाली आईची सही. घरी आधी रागावणं झालं, मग खेळायला जाणं बंद झालं, मग मार. काही दिवसांनी सहीचं वळण बदललं. मुलगा स्वतःच सही करू लागला होता. ते उघडकीस आल्यावर त्याच्यावर ‘खोटारडा’ हाही शिक्का बसला आणि आई-वडिलांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं गेलं. तिथे आई मान खाली घालून बसली होती. कोणीतरी शेवटी तिला साधं विचारलं, ‘घरी तो कशाच्या वेळी चिडतो?’ ती लगेच म्हणाली, ‘मोठ्याने वाचायला सांगितलं की. लगेच पोटात दुखतं म्हणतो.’

मग वेळापत्रक काढून पाहिलं. त्रास व्हायचा तो बहुतेक प्रकट वाचनाच्या तासाला, त्याची पाळी जवळ आली की. शेजाऱ्याला कोपर मारायचं, बाकावरून उठायचं, की बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. म्हणजे वाचन टळलं! शिक्षा वाटत होती तीच त्याची सुटका होती. त्यानंतर बाई आदल्या दिवशीच त्याचा परिच्छेद ठरवून देऊ लागल्या, आई रात्री तो दोनदा वाचून घेई, आणि वर्गात त्याची पाळी सुरुवातीलाच लागे, तीही दोनच ओळींची. वाचनातल्या अडचणीची वेगळी तपासणीही झाली. हळूहळू कोपर मारणं थांबलं.

आईला हे आधीपासून माहीत होतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मूल विचित्र वागतं तेव्हा त्यातून त्याला काहीतरी मिळत असतं: कोणाचं तरी लक्ष, हवी ती वस्तू, नको त्या कामातून सुटका, किंवा शरीराला हवीशी वाटणारी हालचाल. म्हणून मी वहीत तीनच गोष्टी लिहिते: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. विशेषण एकही नाही. पालकांकडूनही हेच तीन तपशील मागते.

शिक्षा घरी पाठवणं

सकाळच्या भांडणाची शिक्षा संध्याकाळी दिली, तर लहान मुलाला ती भांडणाशी जोडताच येत नाही. त्याला एवढंच कळतं की वही घरी गेली की मार पडतो. कौतुक मात्र घरी जरूर पाठवा. त्यासाठी रोजचं छोटं कार्ड चांगलं चालतं. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं कठीण जाणं) असलेल्या मुलांसाठी ही पद्धत बराच काळ वापरात आहे. कार्डावर दोनच अपेक्षा लिहा, आणि त्याही काय करायचं ते सांगणाऱ्या. ‘ओरडायचं नाही’ ऐवजी ‘हात वर करून बोलायचं’. प्रत्येक तासानंतर तिथल्या तिथे खूण करा. संध्याकाळी घरी त्याबद्दल एखादी लहानशी आवडती गोष्ट मिळू द्या: एक जादा गोष्ट ऐकणं, बाबांबरोबर खेळ. सुरुवातीला अपेक्षा इतकी सोपी ठेवा की मूल बहुतेक दिवशी जिंकेल. पहिल्याच दिवशी पैकीच्या पैकी मागणाऱ्या शिक्षकांचं कार्ड आठवडाभरात दप्तराच्या तळाशी जातं.

थोडक्यात, पण तितकंच महत्त्वाचं

फाटकाशी, इतर पालकांसमोर बोलू नका. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एका मुलाचं नावही नको.

‘घरी शिस्त नाही वाटतं’ हे वाक्य तोंडातून गेलं की पुढचं कोणी ऐकत नाही.

दर वेळी आईलाच बोलावू नका. मुलाला खरं सांभाळतं कोण, हे आधी विचारा.

पालकांना शाळेची भाषा येत नसेल तर मुलालाच दुभाषा करू नका. स्वतःची तक्रार स्वतःच्या तोंडाने सांगायला लावणं क्रूर आहे.

झोप, नजर आणि ऐकणं याबद्दल विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला 9 ते 12 तास झोप लागते.

तीन दिवसांत हार मानणं

‘करून पाहिलं, उपयोग नाही.’ अधीर शिक्षकांचं हे ठरलेलं वाक्य. ज्या ओरडण्याकडे आजवर सगळे वळून बघत होते त्याकडे बघणं थांबवलं, की मूल आधी आणखी मोठ्याने ओरडतं. हे अपेक्षितच असतं. पण पालकांना आधी सांगितलं नसेल तर ते घाबरतात आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या मार्गावर जातात. म्हणून ठरवतानाच स्पष्ट सांगा की सुरुवातीचे काही दिवस वाढेल. पुढच्या फोनची तारीखही तेव्हाच ठरवा, आणि सगळं सुरळीत चाललं असलं तरी त्या दिवशी फोन कराच.