खडीच्या ढिगातून ज्वालामुखी समजून घेताना

बांधकामाशेजारी खडी टाकलेली दिसली की परवानगी घेऊन त्यातला ताज्या फुटीचा, अंड्याएवढा एक खडा उचला. मुंबईत ज्वालामुखीचे शब्द शिकायला याहून सोपी सुरुवात नाही. काळसर, वजनदार, नुसत्या डोळ्यांना दाणे न दिसणारा हा दगड बहुधा बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा रस गोठून झालेला खडक, असतो. आपला पाटा-वरवंटाही याचाच. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, पोलादी चाकू आणि थोडं व्हिनेगर ठेवा. हातोडी नको. लेणी आणि टेकड्या संरक्षित आहेत, आणि खडीत फुटलेले पृष्ठभाग आयतेच मिळतात. पावसाळे खाऊन तांबूस झालेल्या दगडावरून मात्र काही ठरवू नका. तो रंग गंजाचा असतो.

वितळलेला खडक जमिनीखाली असेपर्यंत मॅग्मा, म्हणजे शिलारस. बाहेर पडला की तोच लाव्हा. नाव बदलतं तसा मालही थोडा बदलतो. वर येताना दाब उतरतो आणि विरघळलेला वायू सोड्याची बाटली उघडल्यासारखा सुटू लागतो. त्यात बहुतांश पाण्याची वाफ असते, मग कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड. खड्यावर गोल भोकं असली तर ते निसटता निसटता गोठलेले बुडबुडे समजा. लाव्हाच्या एका थरात ती वरच्या अंगाला जास्त असतात, पोटातला दगड घट्ट असतो.

ही भोकं पुष्कळदा पांढऱ्या खनिजाने भरलेली असतात. चाकूने सहज ओरखडा उठला आणि खरवडलेल्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकताच बारीक फेस आला, तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज. ओरखडा उठला पण फेस नाही, तर बहुधा झिओलाइट, असल्या भोकांत वाढणारं दुसरं खनिज. चाकूच घासून करडी रेघ उरली, तर गारगोटीच्या जातीचं काहीतरी. इथे दोन चुका हमखास होतात. भुकटी न करता थेंब टाकला तर फेस इतका मंद येतो की दिसतच नाही. आणि खडीला चिकटलेलं सिमेंटही फेसाळतं, म्हणून खडा आधी धुवा आणि भोकाच्या आतलंच पांढरं तपासा.

उद्रेक शांत होणार की भयंकर, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: रस किती दाट आणि त्यात वायू किती. रस्सा उकळतो तेव्हा बुडबुडे निमूट फुटतात; पिठलं शिजताना वाफ कोंडते आणि भदकन हातावर उडतं. इथे दाटपणा मुख्यतः सिलिकामुळे, म्हणजे गारगोटी ज्याची बनते त्या द्रव्यामुळे, येतो. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के, तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. असा रस पसरतो आणि हवाईसारखे ढालीच्या आकाराचे बसके डोंगर बनवतो. रायोलाइट या दुसऱ्या ज्वालामुखी खडकात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त आणि तापमान कमी, त्यामुळे तो वाहायला नाखूश असतो. फुजीसारखे उंच शंकू लाव्हा आणि राखेच्या आलटून पालटून बसलेल्या थरांचे असतात. त्यांना मिश्र ज्वालामुखी म्हणतात.

हवेत उडालेल्या तुकड्यांची नावं मापावरून पडतात: २ मिलिमीटरच्या आत राख, २ ते ६४ मिलिमीटर लॅपिली, त्याहून मोठे ते उडताना मऊ असतील तर बाँब, आधीच घट्ट असतील तर ब्लॉक. ‘राख’ या शब्दाने फसू नका. यात काही जळालेलं नसतं. ती खडक आणि काचेची भुकटी असते, आणि भिजली की फार जड होते. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबोच्या उद्रेकात वादळी पावसाने भिजलेल्या राखेखाली छपरं कोसळली. ‘ज्वालामुखी धूर ओकतोय’ ही बातमीतली ओळही तशीच: तो धूर नाही, वाफ आणि राख असते. तापलेला वायू आणि राख उतारावरून लोटत आली तर तो पायरोक्लास्टिक प्रवाह. राखेचा चिखल होऊन नदीपात्राने धावला तर लहार. १९८५ मध्ये कोलंबियात नेवादो देल रुईसच्या लहारने आर्मेरो गाव गाडलं.

विवर म्हणजे उद्रेकाच्या तोंडाचा खड्डा. कॅल्डेरा त्याहून खूप मोठा: खालची मॅग्माची कोठी रिकामी होऊन छप्पर खचलं की तो बनतो. लोणार यांपैकी काहीच नाही. तो बेसाल्टमध्ये उल्कापाताने पडलेला खड्डा आहे.

आता अंधेरीच्या गिल्बर्ट हिलकडे. सुमारे ६० मीटर उंच, उभ्या खांबांचा हा कातळ पाहून लोक त्याला ज्वालामुखी समजून त्याचं तोंड शोधू लागतात. खडीतला बेसाल्ट ज्याचा, तो दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आला तो मुख्यतः लांबच लांब भेगांतून, एका शंकूच्या टोकातून नव्हे. आइसलँडच्या लाकीत १७८३ मध्ये फुटलेली भेग सुमारे २७ किलोमीटरची होती. दख्खनची कल्पना करायची तर ती कितीतरी पट वाढवा. गिल्बर्ट हिलचे खांब कोणी घडवलेले नाहीत. जाड रस सावकाश थंड होताना आकसतो, भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात आत उतरतात. बाजू मोजल्या तर सहा अपेक्षित, पण पाच आणि सातही भरपूर सापडतील. तिथून महाकाली लेण्यांत गेलात तर भिंत वेगळी वाटेल: टोकेरी तुकडे एकत्र सांधलेले. ही ज्वालामुखीय ब्रेशिया, आणि ती लवकर झिजते. शिल्पांची पडझड त्यामुळेही झाली आहे.

शेवटी ज्वालामुखीचे तीन प्रकार: सक्रिय, सुप्त, मृत. यात पक्की सीमारेषा नाही. गेल्या सुमारे ११,७०० वर्षांत उद्रेक झाला का, हा सक्रिय ठरवण्याचा निकष सोयीचा मानतात. अंदमानजवळच्या बॅरन बेटावर १७८७ च्या नोंदीनंतरच्या काळात काही उद्रेक झाले, मग दीर्घ शांतता, आणि १९९१ मध्ये ते पुन्हा जागं झालं. वज्रेश्वरीची गरम कुंडं मात्र जिवंत ज्वालामुखीची खूण नाहीत. तिथे पाणी भेगांतून खोल जाऊन तापून वर येतं.