बांधावर झाडं लावा, पण आधी गुंठे मोजा

एक एकराचं चौरस शेत धरा. बाजू साधारण ६४ मीटर. चारही बांधांवर उंच वाढणारी झाडं लावली आणि प्रत्येक बांधालगतची ५ मीटरची पट्टी सावली-मुळांच्या तावडीत सापडली, तर साडेअकरा गुंठ्यांतलं पीक मार खातं. पाव एकराहून जास्तच! एकाच बांधावर लावली तर हाच हिशेब तीन गुंठ्यांच्या आसपास थांबतो. म्हणून मोठी झाडं एका, फार तर दोन बांधांवर. बाकीची हौस बरड तुकड्यावर भागवा.

बांध निवडताना रब्बीचा विचार करा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. महाराष्ट्रात त्या दिवसांत भर दुपारीसुद्धा सावली झाडाच्या उंचीच्या सुमारे ९० टक्के लांब आणि उत्तरेकडे पडते. दक्षिण बांधावरच्या ८ मीटर सागाखाली तुमचाच ७ मीटर हरभरा जातो. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असल्याने खरिपाला सावलीचा जाच कमी. तेव्हा साग, शिसव, करंज उत्तरेच्या बांधावर, तेही पलीकडे नाला किंवा गाडीवाट असेल तर. पलीकडे शेजाऱ्याचा गहू असेल तर भांडण ठरलेलं. सामाईक बांधावर लावूच नका. लावायचंच तर दोन मीटर आपल्या हद्दीत सरका. पश्चिमेची रांग वारा मोडते, केळीवाल्यांना ती उपयोगी पडते. दक्षिणेला गिरिपुष्प चालतं, कारण ते पेरणीआधी मीटरभर उंचीवर छाटता येतं आणि पाला शेतातच खत म्हणून गाडता येतो. निलगिरी विहिरीजवळ नको. सुबाभळीच्या शेंगा गळू दिल्या तर ती शेतभर उगवते.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्या, ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल. मुरमाड जागी ६०. उन्हाने तापू द्या. भरताना वरच्या थरातली माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असेल तर वाळवी आधी खत शोधते, मग मूळ. दोन झाडांत ३ मीटर अंतर ठेवा. लागवड पहिल्या सरीला नव्हे, ओल हातभर खोल उतरल्यावर करायची.

रोपाची पिशवी फाडल्यावर तळाशी मुळांची गुंडाळी दिसते. ती तशीच खड्ड्यात गेली तर झाड दोन-तीन वर्षं बरं वाढतं आणि मग वादळात मुळासकट आडवं होतं. तळाचा बोटभर भाग ब्लेडने सरळ कापून टाका. सागाला पिशवीऐवजी स्टंप, म्हणजे वर-खाली छाटलेलं रोपाचं मूळ-खोड, स्वस्त पडतो: अंगठ्याएवढा जाड, मुळाचा भाग वीतभर, खोडाचा दोन-तीन बोटं. पहारीने भोक पाडायचं, स्टंप मातीच्या पातळीपर्यंत उतरवायचा आणि टाचेने माती घट्ट दाबायची. पोकळी राहिली की स्टंप कुजतो.

पहिले दोन उन्हाळे दर आठ-दहा दिवसांनी १० लिटर पाणी. शेळ्यांपासून राखायला बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आणि फेब्रुवारीच्या आत रांगेच्या दोन्ही बाजूंचं मीटरभर गवत काढा. रोपं पाण्यावाचून मरतात त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी बांध पेटवतं आणि दोन वर्षांची मेहनत एका दुपारी संपते.

मुळांचा बंदोबस्त तिसऱ्या वर्षी: पिकाच्या बाजूला, खोडापासून दीड मीटरवर, ६० सेंटिमीटर खोल चर. पुढे दरवर्षी त्याच रेषेत खोल नांगरट. हे काम सात-आठ वर्षांनी सुचलं तर जाड मुळं तुटून झाड वळवाच्या वाऱ्याला उभं राहत नाही. तेव्हा नादी लागू नका. खालच्या फांद्या रब्बीच्या पेरणीआधी उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत काढा, खुंट न ठेवता.

बरड तुकड्यावर मानवेल बांबू ५ बाय ५ मीटरवर, एकरी १६० बेटं. पिकापासून चार-पाच मीटर लांब. तोड चौथ्या-पाचव्या वर्षापासून, पावसाळा टाळून. कोवळ्या काठ्यांना हात लावायचा नाही. पण मुळातलं माळरान असेल, पवना-मारवेल वाढत असेल, तर ते गवतच ठेवा. चारा आणि मेंढ्या त्यावर जगतात. तिथे खड्डे मारून दोन्ही घालवू नका.

झाडांची नोंद सातबाऱ्यावर लागवडीच्या वर्षीच करून घ्या. साग, खैर, आंबा, जांभूळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या शेतातली तोडायलाही परवानगी लागते, आणि नोंद नसली की अर्ज अडतो. शेतातल्या बांबूला भारतीय वन कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ही कटकट उरली नाही.

दर माघात कणसं-घाटे भरताना बांधाकडून आत चालत जा आणि दाणे कुठपासून भरलेत ते पाहा. हे अंतर ५ मीटरच्या पुढे गेलं, की रांगेतलं एकाआड एक झाड काढायची वेळ झाली.