चामड्याचा सोफा पुसा, घासू नका

दुरुस्तीला येणारे चामड्याचे सोफे रोज माझ्या हाताखालून जातात. त्यातले बरेचसे बसून खराब झालेले नसतात, हौसेनं साफ करून खराब झालेले असतात. कुणी ओले वाइप्स रोज फिरवलेले असतात, कुणी व्हिनेगर, तर कुणी चमक यावी म्हणून चक्क स्वयंपाकाचं तेल चोळलेलं असतं. तेल काही दिवस छान दिसतं. मग त्याला खवट वास येतो, धूळ चिकटते आणि काळे पट्टे उमटतात.

काहीही लावण्याआधी आपला सोफा कशाचा आहे ते बघा. सहज दिसणार नाही अशा जागी, म्हणजे कुशनच्या मागच्या कडेला, पाण्याचा एक थेंब टाकून थांबा. थेंब तसाच गोल राहिला तर वर रंगाचा संरक्षक थर आहे. याला पिगमेंटेड लेदर म्हणतात आणि घरातले बहुतेक सोफे याच प्रकारचे असतात. थेंब आत मुरून जागा गडद झाली तर ते अ‍ॅनिलीन. त्यात रंग चामड्यात भिनवलेला असतो, वर रंगाचा थर नसतो, त्यामुळे डागही थेट आत जातो. हात फिरवल्यावर मखमलीसारखं लागलं, बोटाची रेघ उमटली, तर नुबक किंवा स्वेड. त्याला पाणी आणि क्रीम दोन्ही वर्ज्य. कोरडा मऊ ब्रश आणि त्यासाठी मिळणारं खोडरबर, बस.

आणि सोफ्याचे पापुद्रे निघत असतील तर तुकडा निघालेल्या जागी खाली काय आहे ते बघा. विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन किंवा चामड्याचा भुगा कापडावर चिकटवून केलेलं बॉन्डेड लेदर. हे पापुद्रे कुठल्याही क्रीमनं परत बसत नाहीत. पैसे घालू नका.

आता नेहमीची सफाई. आधी धूळ, तीही कोरडीच काढायची. व्हॅक्यूमला मऊ ब्रश लावून कुशनच्या खाचा आणि शिवणी साफ करा. शिवणीत अडकलेली बारीक वाळू दर बसण्याउठण्याला थर खरवडत असते, म्हणून मी ही पायरी कधीच गाळत नाही. मग चामड्यासाठीचं, पाण्यावर आधारित क्लीनर घ्या. ते सोफ्यावर ओतायचं नाही, स्पंजवर घेऊन स्पंज दाबून फेस काढायचा. फेस हलक्या हातानं गोल फिरवायचा, हातभर जागा झाली की लगेच डिस्टिल्ड पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबर फडक्यानं टिपून घ्यायचा आणि मगच पुढे सरकायचं. नळाचं जड पाणी वाळल्यावर पांढरे ठिपके ठेवून जातं. भांड्यांचा किंवा अंगाचा साबण नको. चामडं आम्लधर्मी असतं, साधारण ३.५ ते ५ पीएच. अंगाची वडी उलट अल्कधर्मी, सहसा ९ ते १० च्या घरात असते. फरक एका धुण्यात कळत नाही, पण थर हळूहळू कमजोर होतो.

सगळ्यात जास्त लक्ष डोकं आणि हात टेकायच्या जागांकडे द्या. तिथे केसांचं तेल आणि घाम रोज मुरतो, थर मऊ पडतो. पांढरं फडकं ओलसर करून तिथे हलकेच दाबून बघा. नुसता मळकट करडा डाग आला तर ती घाण आहे, निघेल. सोफ्याचाच रंग फडक्यावर उतरला, जागा चिकट लागली, नख टेकवल्यावर थर सरकल्यासारखा वाटला, तर तिथेच थांबा. अशा जागी जितकं पुसाल तितका रंग जाईल. आता रंगाचा थर नव्यानं चढवणाऱ्या कारागिराचं काम आहे. ही वेळ येऊ नये म्हणून या दोन जागा आठवड्याला हलक्या ओलसर फडक्यानं पुसा, बाकी सोफा दोन-तीन महिन्यांनी साफ केला तरी चालतो. डोक्याकडे धुता येईल असं कापड टाकलं तर फारच उत्तम, दिसायला जुनाट वाटलं तरी.

काही सांडलं तर टिपा, पसरवू नका, आणि कडेकडून मध्याकडे या. तेलकट डागावर पाणी अजिबात नको. कोरड्या फडक्यानं टिपून टॅल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर जाडसर भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशनं झटका. गरज पडली तर पुन्हा करा. पेनाच्या शाईवर स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, हेअर स्प्रे असले घरगुती उपाय सुचवले जातात. शाई जाते, तिच्यासोबत रंगही जातो, आणि आधी बारीकशी असलेली रेघ तळव्याएवढा फिकट डाग होऊन बसते. शाई ताजी असतानाच लेदरसाठीचा शाई काढणारा खडू वापरून बघा; मुरलेली शाई आहे तशी ठेवणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. गडद जीन्सचा निळा रंग फिकट सोफ्यावर उतरतो, तोही दिसताच क्लीनरनं काढा, साचू देऊ नका.

दमट हवेत बुरशी येते. सोफा हलवता येत असेल तर बाहेर सावलीत नेऊन कोरड्या ब्रशनं झटका, म्हणजे ती घरभर उडणार नाही. मग क्लीनरनं पुसा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. हेअर ड्रायर किंवा कडक ऊन दाखवलं तर चामडं आखडतं. सोफा भिंतीपासून थोडा पुढे ओढून ठेवला की मागून हवा खेळते.

कंडिशनर, म्हणजे चामड्याला लावायचं क्रीम, आणि ‘चामड्याला पोषण’ याबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. पिगमेंटेड लेदरमध्ये क्रीम फारसं आत जातच नाही. चामडं मऊ ठेवणारी तेलं कमावतानाच घातलेली असतात. क्रीमचा फायदा वरच्या थराला होतो. घर्षण कमी होतं, घाण सहज निघते. तेवढ्यासाठी वर्षातून दोनदा, स्वच्छ केलेल्या सोफ्यावर पातळ हात पुरे. मळक्या सोफ्यावर लावलं तर मळच पक्का होतो. घोड्याच्या खोगिरासाठीचे साबण आणि बुटाचं पॉलिश सोफ्याला लावू नका. पॉलिशचा रंग कपड्यांना लागतो.

खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढा किंवा सोफ्याची जागा बदला, उडालेला रंग कुठल्याच क्रीमनं परत येत नाही. हीटरपासूनही निदान दीड-दोन फूट अंतर ठेवा. सुटी कुशन्स महिन्या-दोन महिन्यांनी आपसात बदला, म्हणजे टीव्हीसमोरची ठरलेली जागा एकटीच झिजणार नाही.