रोलीफ्लेक्स वापरताना या चुका टाळा

रोलीफ्लेक्स हा वर-खाली दोन लेन्स असलेला जुना रोल-फिल्म कॅमेरा. त्याची क्रँक (फिल्म पुढे सरकवणारा दांडा) फिरवतच राहिलात, ती थांबेना आणि फोटो मोजणारा काउंटर १ वर येईना, तर कॅमेरा बिघडला असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा रोल चुकीचा भरलेला असतो.

१९३७ च्या ऑटोमॅट मॉडेलपासून ३.५एफ, २.८एफ या मॉडेलांपर्यंतच्या कॅमेऱ्यांत फिल्म कुठे सुरू होते हे यंत्रणाच ओळखते. तळाशी, भरलेल्या रोलजवळ, दोन बारीक रूळ असतात. रोलमधला, फिल्मच्या पाठीमागचा कागद या दोन रुळांच्या मधूनच ओढायचा. फिल्मचं टोक कागदाला जिथे चिकटवलेलं असतं तिथली वाढीव जाडी रुळाला जाणवते, काउंटर सुरू होतो आणि पहिल्या फ्रेमवर क्रँक अडते. कागद रुळांच्या वरून नेला, तर सगळा रोल सरळ वरच्या स्पूलवर गुंडाळला जातो. तरीही तो टाकून देऊ नका, फिल्मला उजेड लागलेला नाही. चेंजिंग बॅगेत (हात घालून अंधारात काम करायच्या काळ्या पिशवीत) रोल मूळ स्पूलवर उलटा गुंडाळा. शेवटी चिकटपट्टीपाशी फिल्मला फुगवटा येतो. पट्टी अलगद सोडवून, फिल्म सपाट करून पुन्हा चिकटवा.

रोलीकॉर्ड आणि रोलीफ्लेक्स टी या साध्या मॉडेलांत फिल्मची सुरुवात आपोआप ओळखायची ही सोय नाही. तिथे कागदावरचा बाण लाल खुणांशी जुळवूनच मागचं झाकण लावायचं.

क्रँक पुढे थांबेपर्यंत आणि मग मागे थांबेपर्यंत न्या. पुढे नेल्यावर फिल्म सरकते, शटर मात्र मागे आणताना चढतं, म्हणजे फोटोसाठी तयार होतं. अर्ध्यात सोडलीत तर बटण दाबून काही होणार नाही. १/५०० सेकंदाचा वेग हवा असेल तर तो क्रँक फिरवण्याआधी लावा. या वेगासाठी शटरमध्ये जास्तीची स्प्रिंग असते; चढलेल्या शटरवर तो जबरदस्तीने लावू नये. जुन्या कॅमेऱ्यात सेल्फ-टायमरला हातच लावू नका, तो मध्येच अडकला की शटरही अडकतं. एक सेकंदाचा वेग रेंगाळतो तो सुकलेल्या वंगणामुळे. वरून तेल सोडलं तर ते शटरच्या पात्यांवर पसरतं. जाणकाराकडून शटर साफ करून घेणं हाच उपाय.

सगळेच फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट, येत असतील तर मागच्या झाकणातली, फिल्म सपाट धरणारी दाबपट्टी बघा. ती ६×६ वर हवी. २४×३६ ही जागा रोलीकिनसाठी, म्हणजे ३५ मिमी फिल्म वापरायच्या जोडसाहित्यासाठी आहे. जवळच्या फोटोसाठी रोलीनार ही जोडभिंगं लावताना वरच्या लेन्सवरच्या भिंगाचा लाल ठिपका वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर चौकट चुकते.

ग्राउंड ग्लासखालचा (वरून चित्र दिसतं त्या धुरकट काचेखालचा) आरसा कापडाने पुसू नका. त्याचा चांदीचा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो आणि तो सहज निघतो. ब्लोअरने धूळ उडवा, तेवढं पुरे.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. जुना कॅमेरा विकत घेताना मागचं झाकण उघडा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणाऱ्या वेगावर) धरून ठेवा आणि लेन्समधून टॉर्च तिरपा मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल, तर ते साफ करून परत येत नाही. किंमत त्या हिशोबाने ठरवा.