ट्रकच्या काचेतून जग बघायचं असेल तर

लांब पल्ल्याच्या गाडीवर नवा आलेला पोरगा पहिला महिनाभर बाहेर बघतो, दुसऱ्या महिन्यात मोबाइलकडे आणि तिसऱ्यात नुसता घड्याळाकडे. विचारलं तर म्हणतो, "रस्ता तोच तोच. त्यात काय बघायचं?" माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. तोच तोच आहे म्हणूनच बघता येतो. सहलीला आलेला माणूस एखादी दरी आयुष्यात एकदा बघणार, तीही बहुतेक भर दुपारी, म्हणजे सगळ्यात वाईट उजेडात. आपल्याला तीच दरी पहाटेची मिळते, धुक्यातली मिळते, पावसातली आणि उन्हाळ्यात करपलेलीही मिळते, वर त्याचा पगार मिळतो. फक्त ते बघणं कामाच्या वेळापत्रकात बसवावं लागतं. ते कसं बसवायचं तेवढं इथे लिहितो.

सगळ्यात आधी एक हिशेब. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. नदी बघायला दोन सेकंद मान वळवली तर भरलेला ट्रक ४४ मीटर कोणीच चालवत नव्हतं. म्हणून माझा नियम असा: गाडी चालू असताना जे समोरच्या काचेत आणि आरशात येईल तेवढंच माझं. बाजूचं सगळं गाडी उभी केल्यावर.

हे ऐकून पोरं हिरमुसतात, पण समोरची काच काही थोडकी नसते. अमेरिकेतले रस्ते आखणारे इंजिनिअर ट्रक ड्रायव्हरच्या डोळ्यांची उंची रस्त्यापासून साधारण २.३ मीटर धरतात आणि कारवाल्याची १.१ मीटरच्या आत. म्हणजे सपाट मैदानात कारवाल्याचं क्षितिज पावणेचार किलोमीटरवर संपतं, आपलं जवळजवळ साडेपाचवर. कठड्यापलीकडचं खोरं त्याला दिसतच नाही, आपल्याला दिसतं. नजर मात्र लांब टाकायची. जवळचे खांब, झाडं, पट्टे भराभर मागे पळतात आणि डोळे शिणवतात. लांबचा डोंगर अर्धा-अर्धा तास सोबत चालतो, हळूहळू कूस बदलतो, मागची शिखरं एकेक करून बाहेर काढतो. गाडी नीट चालवण्यासाठीही नजर लांबच लागते, त्यामुळे इथे शिस्त आणि मजा यांचं भांडण नाही.

आता थांबण्याबद्दल, कारण खरं कौशल्य तिथेच आहे. युरोपात नियम आहे की साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती, आणि ती आधी १५, मग ३० अशी तोडून घेता येते. अमेरिकेत आठ तास चालवल्यावर निदान ३० मिनिटांचा खंड लागतो. तुमच्याकडे जो नियम असेल तो असो, विश्रांती घ्यावीच लागते. बहुतेक जण ती डिझेल संपतं तिथे घेतात. मी ती उजेड बघून घेतो.

सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याचा उजेड हवेच्या खूप जाड थरातून येतो. निळा रंग वाटेतच विखुरतो, आपल्यापर्यंत तांबडा-पिवळा पोचतो. सावल्या लांबतात, जमिनीचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. दुपारी सपाट दिसणारं माळरान त्या वेळी घड्या पडल्यासारखं दिसतं. आणि नेमकी हीच वेळ चालवायला वाईट. सकाळी पूर्वेकडे किंवा संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना ऊन थेट डोळ्यांत येतं, काचेवरची धूळ पेटून उठते, पुढची मोटरसायकल दिसत नाही. मग तो अर्धा तास गाडी उभी करायला घालवला तर काय बिघडलं? निघतानाच हिशेब करायचा की सूर्य समोर येईल तेव्हा आपण कुठे असू, आणि तिथलं पार्किंग हेरून ठेवायचं. मालकाला वेळापत्रक पाळलेलं हवं असतं. तुम्ही विश्रांती सहाला घेतली की सातला, याचं त्याला सोयरसुतक नसतं.

संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभे असाल तर सगळे मावळत्या सूर्याचे फोटो काढत असतात. तुम्ही आरशात बघा. सूर्य बुडाला की आकाश स्वच्छ असेल तर पूर्वेला क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा पट्टा वर चढतो आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी कड असते. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. हे कळल्यापासून मी मावळतीकडे कमी आणि पूर्वेकडे जास्त बघतो.

इंद्रधनुष्याचंही तसंच. ते कायम सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतं आणि सूर्य ४२ अंशांपेक्षा वर गेला की जमिनीवरून दिसतच नाही. म्हणून सकाळी पश्चिमेकडे जाताना समोर पाऊस असेल तर ते काचेत येईल, संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना आरशात. भर दुपारी शोधत बसू नका.

घाट म्हणजे ड्रायव्हरची परीक्षा, पण चढाचा घाट मला आवडतो. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये कण्हत चढते, तेव्हा रस्त्यासाठी कापलेला डोंगर काचेसमोरून इतका सावकाश सरकतो की थर वाचता येतात. आडवे जाड काळे थर एकावर एक असतील तर तो बहुधा बेसाल्ट, लाव्हाच्या एकेका लोंढ्याचा. थर वाकलेले, दुमडलेले दिसले तर तिथे जमीन कधीतरी दाबली गेली आहे. माती लालभडक असेल तर तिच्यात लोह गंजलंय. माझी मुलगी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते, "बाबा, आज खडक कुठला?" उत्तर तयार ठेवावं लागतं, त्यामुळे मलाही चार गोष्टी वाचाव्या लागल्या. काच थोडी खाली करून ठेवा. उंची वाढते तसं तापमान सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं. ते काट्यावर दिसण्याआधी नाकाला कळतं, झाडं बदलतात तसा वासही बदलतो.

उताराला मात्र यातलं काही नाही. वर थांबून ब्रेक तपासायचे, उतार लागण्याआधीच गिअर खाली घ्यायचा, इंजिन ब्रेक किंवा एक्झॉस्ट ब्रेक (दोन्ही इंजिनाच्याच जोराने गाडी आवरतात) लावायचा आणि पायाचा ब्रेक जपून वापरायचा. सतत दाबून ठेवला तर तो तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. दरी कितीही देखणी असली तरी ती चढताना बघून घ्या, किंवा तळाला पोचल्यावर मान वर करून.

सुंदर जागा दिसली की लगेच गाडी आत घालायची नाही. कारसाठी केलेल्या जागेत ट्रेलर जातो सहज, निघत नाही. मी आधी नुसती नोंद करतो: किलोमीटरच्या दगडाचा आकडा, कुठली बाजू, किती वाजता उजेड कसा होता. मग मुक्कामावर उपग्रहाच्या नकाशात बघतो की गाडी वळेल का, दुसऱ्या तोंडाने बाहेर पडता येतं का, जमीन पक्की आहे का. पावसानंतर कच्च्या कडेला भरलेली गाडी उतरवणं म्हणजे क्रेनला आमंत्रण. पुढच्या फेरीला ठरवून थांबायचं. पुलावर, वळणावर किंवा घाटातल्या खिंडीत फोटोसाठी थांबणाऱ्याशी मी बोलत नाही.

काचेची निगा राखा. बाहेरून सगळेच धुतात, आतून कोणी पुसत नाही, आणि आतल्या त्या तेलकट थरामुळेच समोरच्या दिव्यांभोवती धुरकट वलयं दिसतात. पोलराइज्ड गॉगल घेतला तर ओल्या रस्त्यावरची चकाकी मरते आणि ढगांची ठेवण स्पष्ट होते. डॅशबोर्डचा स्क्रीन कधीकधी त्यातून काळा दिसतो, एवढं तपासून घ्या. रात्री तो काढून ठेवायचा. आणि बाजूच्या खिडकीचं ऊन हलकं समजू नका. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं गाडी चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची बाजू सुरकुत्यांनी लोंबली होती, दुसरी बाजू वयाने बरीच लहान वाटावी अशी. खिडकीच्या काचेतून उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण आत येतात. तो फोटो बघितल्यापासून मी लांब बाह्यांचा शर्ट घालतो आणि त्या गालाला सनस्क्रीन लावतो. हसणारे हसतात.

रात्री मुक्काम गावाच्या दिव्यांपासून लांब असेल तर केबिनमधले सगळे दिवे मालवा, मोबाइल पालथा ठेवा आणि खाली उतरा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, पाचव्या मिनिटाला "काही दिसत नाही" म्हणून परत चढू नका. उल्का बघायच्या असतील तर मध्यरात्रीनंतरची वेळ चांगली, ऑगस्टमध्ये १२-१३ तारखेच्या आसपास आणि डिसेंबरमध्ये १३-१४ च्या. शुक्र हवा असेल तर तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. एवढं ठाऊक असलं की रात्रीचा रस्ता उजळ मिळणार की काळोखाचा, हे निघतानाच कळतं.

पण झोप आली की यातलं काहीही उपयोगाचं नाही. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर शरीर स्वतःहून मंदावतं. तेव्हा काच खाली केली, गाणी लावली, समोर हिमशिखर आलं, तरी डुलकी जात नाही. ती झोपूनच जाते.

काही रस्ते खरोखर कंटाळवाणे असतात, हे मान्य करू. ऑस्ट्रेलियात आयर हायवेवर १४६.६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही. मी तिथे गेलो नाही, पण तसल्या रस्त्याचे धाकटे भाऊ बरेच चालवलेत. अशा वेळी जमिनीचा नाद सोडून ढग बघावेत, ते समोरच असतात. दुपारी कोबीसारखे फुगत गेलेल्या ढगाचा माथा पुढे ऐरणीसारखा सपाट पसरला की तो गडगडाटी पावसाचा, आणि पसरलेलं टोक वरचा वारा कुठे वाहतोय ते सांगतं. ते टोक तुमच्या दिशेला असेल तर पुढच्या थांब्यावर ताडपत्री आणि दोर तपासून घ्या. गाडी उभी असेल तर वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. आकडा कमी होत चालला असेल तर केबिनमध्ये चढून काचा वर करा. चहूबाजूंनी धातू असलेली बंद केबिन तेव्हा झाडाखालच्या आडोशापेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

राहिला माल खाली करायच्या रांगेतला वेळ. गोदामाच्या फाटकाशी तीन-तीन तास जातात आणि सगळे स्टिअरिंगवर पाय टाकून व्हिडिओ बघतात. नंबर लांब असेल तर शेजारच्या गाडीवाल्याला सांगून, फोन चालू ठेवून वीस मिनिटं एका दिशेला चालत जा आणि परत या. गोदामं सहसा गावाच्या कडेला असतात, त्यामुळे शेत, तळं, रेल्वेचा रूळ, काहीतरी निघतंच. पाय मोकळे होतात, कंबर सुटते. परत आलात की गाडीभोवती एक फेरी मारून टायर बघा आणि मगच वर चढा.